त्रिंगे स्मायलीची नोंद

त्रिंगे स्मायली या अल्बेनियन बंडखोर बाईचं जन्मसाल सहसा १८८० दिलेलं असतं. तिच्यावरच्या काही लिखाणांत दोन ओळी खाली असंही वाचायला मिळतं की वडिलांबरोबर ती प्रिझरेनच्या लीगमध्ये सामील झाली. ही लीग म्हणजे ऑटोमन साम्राज्यातल्या अल्बेनियन पुढाऱ्यांनी आपला मुलूख शेजाऱ्यांना तोडून दिला जाऊ नये म्हणून बांधलेली एकजूट. ती जून १८७८मध्ये उभी राहिली आणि १८८१मध्ये सुलतानाच्या फौजेने मोडून काढली. लीग मोडली तेव्हा त्रिंगे जेमतेम वर्षाची असणार. जन्मसाल खरं असेल तर लीगची गोष्ट खरी असू शकत नाही. लीगची गोष्ट खरी असेल तर जन्म निदान पंधरा वर्षं मागे न्यावा लागेल. पण या दोन गोष्टी एका लेखातून दुसऱ्या लेखात हातात हात घालून फिरत राहतात आणि त्यांना कुणी हटकत नाही.

बाकी तिच्याबद्दल काय सांगतात? ती ग्रुदा या कॅथलिक अल्बेनियन जमातीतली. श्कोदर सरोवराच्या उत्तरेला, आजच्या मॉन्टेनेग्रोत पॉडगोरित्साजवळ हा मुलूख येतो. वडील स्मायल मार्तिनी हे जमातीचे पुढारी. १८८६ साली ऑटोमन सैनिकांनी त्यांना धरून नेलं, ते परत आले नाहीत. मुलीने आजन्म अविवाहित राहण्याची शपथ घेतली, पुरुषांचे कपडे घातले, बंदूक उचलली. १९११मध्ये मालेसियाच्या डोंगराळ जमाती उठल्या तेव्हा ती त्या लढाईत होती. १९१७मध्ये ती गेली. संपलं. एवढ्यावर ज्ञानकोशात नोंद करावी का, हा माझ्यापुढचा प्रश्न आहे.

मराठी विकिपीडियावर मी बाल्कनमधल्या माणसांच्या नोंदी लिहिते. या कामात सर्वांत जास्त वेळ लिहिण्यात जात नाही, लिहायचं की नाही हे ठरवण्यात जातो. सम्राट, पंतप्रधान, कवी यांच्याबाबत विचार करावा लागत नाही. बंडखोरांच्या बाबतीत मात्र प्रत्येक वेळी नव्याने बसावं लागतं, कारण बंडखोर ज्या राज्याविरुद्ध लढतो त्या राज्याच्या दप्तरात तो दरोडेखोर असतो, आणि ज्या राज्यासाठी लढतो ते राज्य तेव्हा अस्तित्वातच नसतं. त्याची हकिकत लिहून ठेवणारा कारकूनच नसतो.

नियम तसा सोपा आहे. ज्या व्यक्तीबद्दल, तिच्याशी लागेबांधे नसलेल्या विश्वासार्ह स्रोतांनी पुरेसं सविस्तर लिहिलं आहे, तिची नोंद असावी. याला उल्लेखनीयता म्हणतात, आणि माणसाच्या मोठेपणाशी तिचा थेट संबंध नाही, हे नव्याने आलेल्या प्रत्येकाला समजावून सांगावं लागतं. इंग्रजी विकिपीडियावर सैनिकांसाठी पूर्वी एक वेगळी सोय होती: देशाचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालेलं असेल किंवा जनरलच्या तोडीचं पद असेल, तर त्या माणसावर पुरेसं लिहिलेलं असणारच असं गृहीत धरलं जाई. २०२१मध्ये ती सोय रद्द झाली. मला त्याचं वाईट वाटलं नाही. नियमित सैन्यातल्या माणसाला पद असतं, पदक असतं. डोंगरातल्या बंडखोराला यातलं काहीच नसतं. त्याला पदक मिळालंच तर मेल्यावर पन्नास-साठ वर्षांनी, कुठल्यातरी जयंतीच्या कार्यक्रमात, त्या वेळच्या सरकारच्या सोयीने मिळतं. असं पदक त्या सरकारबद्दल बरंच सांगतं, लढणाऱ्याबद्दल फारसं नाही.

अल्बेनियन बंडखोरांमध्ये काहींचा प्रश्न आधीच सुटलेला आहे. आदेम याशारी मार्च १९९८मध्ये प्रेकाझ गावी आपल्या कुटुंबातल्या कितीतरी माणसांसह सर्बियन पोलिसांच्या हल्ल्यात मारला गेला. प्रिश्तिनाच्या विमानतळाला आज त्याचं नाव आहे. सर्बियात त्याला दहशतवादी म्हणतात, कोसोवोत राष्ट्रवीर, पण नोंद असावी की नाही यावर कुणाचंच दुमत नाही. शोते गालित्साचंही तसंच. कोसोवोच्या द्रेनित्सा भागातली ही बाई १८९५ची. नवरा आझेम गालित्सा काचाक बंडखोरांचा म्होरक्या होता. १९२४मध्ये तो पडला, त्यानंतरही ती लढत राहिली आणि १९२७मध्ये फुश-क्रुया इथे हलाखीत वारली. बंदूक घेतलेला तिचा फोटो कोसोवोतल्या शाळकरी मुलांनाही ओळखता येतो.

खरी अडचण याच्या खालच्या पायरीवर सुरू होते. कोसोवोतल्या रस्त्यांच्या कडेला काळ्या संगमरवरावर कोरलेले तरुण चेहरे दिसतात, शेजारी लाल अल्बेनियन झेंडा. बहुतेक १९९८ किंवा १९९९मध्ये पडलेले, विशी-पंचविशीतले. अशाच एका तरुणाची नोंद वगळावी असा प्रस्ताव आला तेव्हा मी ती नोंद आणि तिचे चारही संदर्भ नीट वाचले. एक होती पालिकेने पुण्यतिथीनिमित्त काढलेली सूचना. दुसरी, माजी सैनिकांच्या संघटनेची आदरांजली. तिसरी बातमी एका शाळेला त्याचं नाव दिल्याची, चौथी पुष्पचक्र वाहिल्याची. चारही खऱ्या. पण त्यांत तो कुठल्या तुकडीत होता, काय करत होता, कुठल्या चकमकीत आणि कसा पडला, याबद्दल एक वाक्य नव्हतं. त्याच्यासाठी लोक रडले, अजून रडतात, एवढंच त्या चार कागदांवरून कळत होतं. मी "वगळावी" असं मत दिलं. ते देताना त्या दगडावरच्या मुलाशी आपण उद्धटपणे वागतोय असं मात्र सारखं वाटत राहिलं.

त्यावर मला उत्तर मिळालं ते बेलग्रेडमधून. नताशा कांदिच यांनी स्थापन केलेल्या ह्युमॅनिटेरियन लॉ सेंटरने कोसोवोतल्या युद्धात मेलेल्या आणि बेपत्ता झालेल्या प्रत्येक माणसाची नोंद करायचं काम हाती घेतलं. जानेवारी १९९८ ते डिसेंबर २००० या काळातली ही यादी १३,५३५ नावांची आहे. अल्बेनियन, सर्ब, रोमा, इतर. हातात बंदूक असलेले आणि नसलेले. त्यात नुसती नावं नाहीत. माणूस कोण होता आणि त्याचा शेवट कसा झाला हे साक्षीदारांना विचारून, कागद पडताळून लिहिलेलं आहे. सर्बियातल्या संस्थेने हे करावं, त्यासाठी आपल्याच देशात शिव्या खाव्यात, याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. आणि तिथे उल्लेखनीयतेची अट नाही. मरण पावला एवढं पुरेसं आहे. ज्ञानकोशाने नाही म्हटलेल्या मुलाला तिथे जागा आहे, आणि ती कमी प्रतीची जागा नाही. उलट तिथे त्याच्याबद्दल जे लिहिलं जातं ते कुठल्याही विकिपीडिया नोंदीपेक्षा जास्त कसून तपासलेलं असतं. ज्ञानकोश निवडतो. स्मरणग्रंथ कुणालाही वगळत नाही. ज्ञानकोशात स्मरणग्रंथाचं काम करायला गेलं की नोंदी फुगतात, आणि जो खरोखर मोजून मापून सांगण्यासारखा आहे तोही त्या गर्दीत विश्वास गमावून बसतो.

त्रिंगेचं प्रकरण वेगळं आहे, कारण तिच्याकडे पुण्यतिथीच्या सूचनांव्यतिरिक्त काहीतरी आहे. नियमाच्या दृष्टीने सर्वांत भक्कम म्हणजे अमेरिकेतलं वर्तमानपत्र. १९११मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये अल्बेनियाच्या एका लढवय्या मुलीबद्दल मजकूर आला. तिला जोन ऑफ आर्क म्हटलं होतं, आणि नाव दिलं होतं यानित्सा. पुढच्या लेखकांनी यानित्सा आणि त्रिंगे एकच मानल्या, आणि आज तिचं दुसरं नाव म्हणून यानित्सा सर्रास दिलं जातं.

नियमाच्या भाषेत हा आदर्श स्रोत: स्वतंत्र, छापील, त्याच वर्षीचा, जगभर मान असलेला. पण शांतपणे पाहिलं तर? हजारो मैलांवरचं वर्तमानपत्र, डोंगरात पाय न ठेवता छापलेला मजकूर, वेगळंच नाव, आणि वर एका फ्रेंच मुलीची उपमा. १९११च्या त्या महिन्यांत बाल्कनमधल्या बंडाच्या बातम्या युरोप-अमेरिकेत आवडीने वाचल्या जात होत्या, आणि बंदूकधारी तरुणी म्हटल्यावर कुठल्याही संपादकाने जागा दिली असती. जोन ऑफ आर्क या उपमेचा मला रागच येतो. ग्रुदाच्या मुलीला ओळख मिळण्यासाठी फ्रान्सची संत कशाला लागते?

दुसऱ्या बाजूला गाणी. उत्तर अल्बेनियाच्या डोंगरात लाहुता नावाचं एकतारी वाद्य मांडीवर घेऊन, गज फिरवत, वीरांची गाणी तासन्‌तास म्हणतात. लिहिणारे थोडे होते. अल्बेनियन भाषेची आजची लिपीसुद्धा १९०८च्या मनास्तिरच्या परिषदेतली. अशा समाजाची आठवण गाण्यात राहणार, दुसरीकडे कुठे राहणार? तुळशीदासाने तानाजीचा पोवाडा रचला, त्यातली घोरपड इतिहासकारांनी मानली नाही, पण तानाजी सिंहगडावर पडला हे इतर कागदांनीही सांगितलं. गाणं कसं घडलं ते रंगवून सांगतं, आणि तरी काय घडलं ते त्यात शाबूत असू शकतं. अडचण एवढीच की तानाजीसाठी इतर कागद आहेत.

त्यात एक सापळाही आहे. फ्रान्सिस्कन पाद्री जेर्ज फिश्ता याचं तीस सर्गांचं महाकाव्य १९३७मध्ये पूर्ण रूपात आलं. अल्बेनियन डोंगराळ जमातींच्या लढायांचं ते काव्य, आणि त्यात त्रिंगा नावाची एक मुलगी आपली भूमी राखता राखता मरते. शोधायला बसलेल्या माणसाला वाटतं, हे बघा, सापडली! पण ती लढाई नोक्षिचची, मॉन्टेनेग्रोविरुद्धची, १८८०च्या सुमाराची. आपली त्रिंगे ऑटोमनांविरुद्ध लढली, १९११मध्ये होती आणि १९१७पर्यंत जगली. नाव जुळलं म्हणून फिश्ताचं काव्य तिच्या नोंदीला संदर्भ म्हणून जोडलं, तर एका मुलीचं मरण दुसरीच्या नावावर चढेल. प्रिझरेनच्या लीगची गोष्ट तिच्या चरित्रात अशाच कुठल्या वाटेने शिरली असेल का, असा माझा संशय आहे. तो संशय मी नोंदीत लिहिणार नाही, कारण तो माझा आहे, कुठल्या स्रोताचा नाही.

शपथेची बाजूही तपासून घ्यावी लागते. लेक दुकाजिनी या पंधराव्या शतकातल्या सरदाराच्या नावाने चालत आलेल्या डोंगराळ कायद्यात, जो श्त्येफेन जेचोव या पाद्र्याने गोळा केला आणि त्याचा खून झाल्यावर १९३३मध्ये पुस्तकरूपाने निघाला, बाईला वारसा नव्हता, शस्त्र नव्हतं, पंचांमध्ये बसण्याचा हक्क नव्हता. आजन्म कौमार्याची शपथ घेतली की मग पुरुषाचे कपडे, बंदूक, तंबाखू, पुरुषांच्या बैठकीत जागा आणि घराची सूत्रं हाती येत. घरात कर्ता पुरुष उरला नाही की एखादी मुलगी ही वाट धरी. काही मुलींच्या बाबतीत तर आईबाप लहानपणीच ठरवून मोकळे होत. तेव्हा १८८०चा जन्म आणि १८८६मध्ये वडील नाहीसे होणं, या दोहोंत शपथेला जागा आहे: सहा वर्षांची पोर मुलगा म्हणून वाढवली गेली असू शकते, किंवा मोठी झाल्यावर तिने स्वतः शपथ घेतली असेल. पण आपल्याला वाचायला मिळतं ते एका आवेशाच्या वाक्यात, वडील गेले आणि तिने शपथ घेऊन बंदूक उचलली, जणू हे सगळं एका दुपारी घडलं. सहा वर्षांच्या मुलीच्या हातात बंदूक देऊन तिच्या खऱ्या आयुष्यातली मधली पंचवीस वर्षं गिळून टाकलेली आहेत. त्या पंचवीस वर्षांत ती काय करत होती? गुरं राखत होती, वडिलांच्या जागी बसून जमातीचे तंटे ऐकत होती, लोक तिला कोणत्या नावाने हाक मारत होते? मला चरित्रात खरं तर हेच वाचायचं आहे.

१९११बद्दल मात्र पाय जमिनीवर टेकतात. मार्चच्या अखेरीस मालेसिया उठली, ६ एप्रिलला देचिचच्या डोंगरावर बंडाचा पुढारी देद ज्यो लुली याच्या माणसांनी अल्बेनियन झेंडा उभारला. ऑटोमन सेनापती तुर्गुत पाशाची फौज चालून आली, गावं जळली, हजारो माणसं मॉन्टेनेग्रोत पळून गेली. एडिथ डरहॅम ही इंग्रज बाई, जी तीन वर्षांपूर्वी याच डोंगरातून, ग्रुदातूनही, हिंडली होती, ती पॉडगोरित्सात या निर्वासितांना औषध आणि कपडे वाटत होती. २३ जूनला जमातींच्या पुढाऱ्यांनी ग्रेचच्या छावणीतून आपल्या मागण्यांचं निवेदन काढलं. ही सगळी नोंदलेली, पुन्हा पुन्हा तपासलेली माहिती आहे. त्रिंगे या चौकटीत नीट बसते: वय एकतिसाच्या आसपास, जमात बंडातली, लढाई तिच्या घरापासून हाकेच्या अंतरावर.

आणि मग दोन वर्षांनी सीमा हलली. १९१३मध्ये लंडनला जमलेल्या बड्या राष्ट्रांच्या राजदूतांनी 'ग्रुदा' आणि 'होती' या दोन जमातींचे मुलूख मॉन्टेनेग्रोला दिले. अल्बेनिया नावाचा देश जन्माला आला तो तिचं गाव वगळून. तिची नोंद इतकी अशक्त का, याचं सर्वांत मोठं कारण माझ्या मते हे आहे. तिराना सरकारचं दप्तर पुढे वाढलं ते तिच्या गावाच्या सीमेपर्यंतच. मॉन्टेनेग्रोच्या आणि नंतर युगोस्लाव्हियाच्या इतिहासकारांना ऑटोमनांशी लढलेल्या अल्बेनियन बाईत फारसं स्वारस्य असण्याचं कारण नव्हतं. अल्बेनियात एन्व्हर होजाच्या कम्युनिस्ट राजवटीत कॅथलिक पाद्र्यांनी जपलेलं साहित्य बंद पेट्यांत गेलं, फिश्ता तर नाव घेण्याच्याही लायकीचा राहिला नाही. १९८५मध्ये तिरानाच्या विज्ञान अकादमीने पहिला अल्बेनियन ज्ञानकोश काढला तो याच राजवटीच्या चौकटीत. कोण उल्लेखनीय आणि कोण नाही हे तिथे इतिहासाच्या आधी पक्षाने ठरवलेलं होतं. ज्यांच्याबद्दल लिहू दिलं नाही त्यांच्याबद्दल "स्रोत नाहीत" असं आज आपण म्हणणार असू, तर त्या बंदीवर आपणही सही करतो. सीमेच्या एका बाजूला एका राज्याने आणि दुसऱ्या बाजूला दुसऱ्या राज्याने जिच्याकडे पाठ फिरवली, तिच्या बाबतीत दोन-तीन तुटपुंज्या स्रोतांचं वजन मी जास्त धरते. याशारीच्या किंवा रस्त्याकडेच्या त्या तरुणाच्या बाबतीत मी तसं करणार नाही, कारण त्यांच्या काळात कॅमेरे होते, वार्ताहर होते, साक्षीदार जिवंत आहेत.

मराठीत ही नोंद कोण वाचणार, असं मला विचारतात. याला उत्तर द्यायची मला गरज वाटत नाही. मराठी वाचकाने अल्बेनियाच्या डोंगराबद्दल कुतूहल बाळगू नये असं कुठे लिहिलंय? केतकरांनी तेवीस खंडांचा ज्ञानकोश काढला, वाईत विश्वकोशाचे खंड निघाले, तेव्हा जगातलं सगळं मराठीत यावं हीच ओढ त्यामागे होती. त्यांच्यापुढे कागदाची मर्यादा होती, ती आपल्यापुढे नाही. मला भीती वेगळ्या गोष्टीची आहे. इंग्रजीतली नोंद उचलायची आणि मराठीत उतरवून टाकायची, ही सवय आपल्याकडे बळावली आहे. तसं केलं तर एक वर्षाची त्रिंगे मराठीतही लीगमध्ये सामील होईल, आणि इथे तिला अडवायला कुणीच नसेल. इंग्रजी नोंदीवर शंका घेणारा अल्बेनियन वाचक कधीतरी येतो. मराठी नोंदीवर तसा कुणी येण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही, तेव्हा शंका लिहिणारीनेच घ्यायला हवी.

बंडखोराबद्दल सर्वांत चांगला स्वतंत्र स्रोत कुणाचा असतो? पुष्कळदा शत्रूचा. मागावर असलेल्या अधिकाऱ्याचा अहवाल, पकडण्याचा हुकूम, कैद्यांची यादी. स्मायल मार्तिनीला धरून नेलं असेल तर इस्तंबूलच्या ऑटोमन दप्तरखान्यात त्याचा कागद असण्याची शक्यता आहे. त्याखेरीज श्कोदरला ऑस्ट्रिया-हंगेरीचा वकील बसत असे आणि कॅथलिक जमातींवर त्याची बारीक नजर असे. त्याचे अहवाल व्हिएन्नात आहेत. ग्रुदा कॅथलिक असल्यामुळे बाप्तिस्म्याची वहीही कुणीतरी ठेवली असणार. हे वाचणं माझ्या आवाक्याबाहेरचं आहे, जुन्या ऑटोमन तुर्कीची अरबी लिपीही येत नाही, पण पॉडगोरित्सा, श्कोदर किंवा व्हिएन्नातला एखादा संशोधक ते उद्या करू शकतो.

तेव्हा नोंद करायची, असं मी ठरवलं आहे. छोटी. पहिल्या वाक्यात ग्रुदा, वडिलांचं नाव आणि १९११चं बंड. जन्मापुढे "सुमारे १८८०". लीगचा उल्लेख नाही. शपथ "सांगितलं जातं" या शब्दांसह. न्यूयॉर्क टाइम्सचा मजकूर स्वतंत्र परिच्छेदात, त्यात छापलेल्या नावासकट, आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची हे नंतरच्या लेखकांचं मत आहे हे स्पष्ट करून. फिश्ताच्या काव्यातली त्रिंगा वेगळी, एवढी एक ओळ शेवटी, पुढच्या माणसाने घाईने ती जोडू नये म्हणून. सगळं मिळून दीडशे शब्द होतील. बाप्तिस्म्याची वही कधी सापडली आणि तिच्यात १८६५सारखं एखादं साल निघालं, तर "सुमारे" काढून ते घालायचं आणि लीगची ओळ परत विचारात घ्यायची. तोवर चर्चापानावर हे सगळं हिशेबाने लिहून ठेवते आहे, म्हणजे नोंद वगळा म्हणणाऱ्याला आणि फुगवा म्हणणाऱ्याला, दोघांनाही आधी ते वाचता येईल.